टोकियोतली जुनी सदनिका घेण्याआधी इमारतीची कागदपत्रे कशी वाचावीत

टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा वॉर्डात निशिकासाई हे मेट्रो स्थानक १९७९ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर त्या परिसरात सदनिकांच्या इमारती उभ्या राहत गेल्या. आज तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तीत मराठी घरेही आहेत. पुण्याशी नाते असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. यांतील बहुतेक कुटुंबे आधी भाड्याने राहतात. मुले शाळेत रुळली आणि कायम वास्तव्याचा परवाना हाती आला की घर विकत घेण्याचा विचार सुरू होतो. नव्या इमारतींचे टोकियोतील भाव पाहिल्यावर नजर साहजिकच चाळीस वर्षे जुन्या इमारतीतील सदनिकेकडे वळते, कारण तिची किंमत आवाक्यातली वाटते.

मुंबई-पुण्याकडून आलेला खरेदीदार अशा वेळी एक हिशेब नकळत सोबत घेऊन येतो. आपल्याकडे इमारत जुनी झाली की पुनर्विकासाची आशा निर्माण होते. विकासक वाढीव एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर जास्त बांधकाम करण्याच्या परवानगीच्या, बळावर जुन्या सभासदाला मोठी नवी सदनिका देतो, वर भाडे आणि कॉर्पसची एकरकमी रक्कम देतो, आणि त्यामुळे मोडकळीला आलेल्या इमारतीतील खोलीलाही भाव येतो. जपानमध्ये हा हिशेब बहुधा जमत नाही. तेथे जुनी सदनिका घेणे म्हणजे त्या इमारतीच्या सामायिक तिजोरीत, कर्जात आणि शिस्तीत वाटेकरी होणे होय. खोलीतील नवे वॉलपेपर आणि चकचकीत स्वयंपाकघर यांपेक्षा तिजोरीचे कागद अधिक काळजीपूर्वक पाहावे लागतात.

प्रथम मालकी कशाची मिळते ते पाहू. १९६२ च्या सदनिका-मालकी कायद्यानुसार सदनिकेच्या आतील भाग मालकाचा असतो आणि जिने, लिफ्ट, बाहेरच्या भिंती, गच्ची, मुख्य पाइप हे सर्व सामायिक असते. आपल्या दृष्टीने विशेष बाब अशी की जमिनीतील हिस्सा सदनिकेबरोबरच येतो आणि सहसा तिच्यापासून वेगळा विकता येत नाही; त्यामुळे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे रखडणारा कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही. मात्र काही इमारती भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असतात. त्यांचे दर कमी दिसतात, पण दरमहा भूभाडे द्यावे लागते आणि ठरावीक मुदतीचा पट्टा असेल तर मुदत संपल्यावर जमीन मोकळी करून द्यावी लागते. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरांत असते, म्हणून नोंदणीचा उतारा स्वतः पाहावा.

त्याच उताऱ्यात क्षेत्रफळाचाही खुलासा होतो. जाहिरातीतील आकडा भिंतींच्या मध्यरेषेपासून मोजलेला असतो आणि नोंदणीतील आकडा भिंतींच्या आतल्या बाजूंपासून, त्यामुळे दुसरा नेहमी काही चौरस मीटरने लहान निघतो. करसवलतींना किमान क्षेत्रफळाची अट असते आणि तेथे नोंदणीचाच आकडा धरला जातो, म्हणून सीमेवरची सदनिका घेताना हा फरक महागात पडू शकतो.

आता भूकंप. जपानच्या बांधकाम नियमांमध्ये १ जून १९८१ ही तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. १९६८ च्या तोकाची किनाऱ्याजवळील भूकंपानंतर १९७१ मध्ये काँक्रीटच्या खांबांतील आडव्या सळ्या, म्हणजे रिंगा, अधिक जवळजवळ बांधण्याचा नियम आला होता. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर १९८१ मध्ये संपूर्ण मानकच बदलले. मध्यम भूकंपात इमारतीचे फारसे नुकसान होऊ नये आणि जपानी मोजपट्टीवरील सहा-अधिक ते सात इतक्या तीव्रतेच्या हादऱ्यातही ती कोसळून माणसे दगावू नयेत, हा या नव्या मानकाचा हेतू आहे. भूकंपानंतर इमारत पुन्हा वापरण्याजोगी राहील याची हमी त्यात नाही, आणि हा भेद खरेदीदारांच्या सहसा लक्षात येत नाही. १९९५ मध्ये कोबे शहराने या मानकाचा अर्थ दाखवून दिला. तेथे जुन्या नियमांखाली बांधलेल्या इमारतींची हानी ठळकपणे जास्त होती, त्यातही तळमजल्यावर भिंती नसून केवळ खांबांवर पार्किंग असलेल्या अनेक इमारतींचा तो मजलाच चिरडला गेला.

येथे एक गुंता आहे. १ जून १९८१ ही तारीख इमारतीला बांधकाम परवानगी मिळण्याशी निगडित आहे, इमारत पूर्ण होण्याशी नाही. दहा मजली इमारत बांधायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. त्यामुळे जाहिरातीत “१९८२ चे बांधकाम” असे लिहिलेली इमारत जुन्या मानकाचीही असू शकते, आणि निशिकासाईसारख्या १९७९ नंतर घडत गेलेल्या भागात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. दुसरीकडे, गृहकर्जावरील करसवलतीसाठी २०२२ पासून सरकारने सोपा नियम केला आहे की नोंदणीतील बांधकामाची तारीख १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतरची असेल तर इमारत नव्या मानकाची मानावी. म्हणजे मार्च १९८१ मध्ये परवानगी मिळालेली आणि मार्च १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारत करखात्याच्या दृष्टीने नवी आणि अभियंत्याच्या दृष्टीने जुनी ठरते. सवलत मिळाली म्हणून इमारत भक्कम आहे असे समजू नये. परवानगीची खरी तारीख स्थानिक प्रशासनाच्या बांधकाम नोंदवहीत असते आणि तिचा दाखला मागून घेता येतो.

जुन्या मानकाची प्रत्येक इमारत वाईट असते असेही नाही. काही इमारतींनी भूकंपक्षमतेची तपासणी करून घेतलेली असते. तिच्या अहवालात ‘आयएस’ नावाचे मूल्य असते आणि ते ०.६ किंवा अधिक असेल तर इमारत सामान्यतः समाधानकारक धरतात. काहींनी बाहेरून लोखंडी आडवे-तिरके आधार बसवले असतात. तपासणीच केली नाही, असे उत्तर आले तर तेही बोलके असते. अनेक मालक मंडळी अहवाल वाईट आला तर सदनिकांचे भाव उतरतील या भीतीने तपासणी टाळतात. माझ्या मते अशा इमारतीपासून दूर राहावे, मग भाव कितीही मोहक असो.

यानंतर लेखाचा गाभा, म्हणजे पैसा. सदनिका घेताच तुम्ही त्या इमारतीच्या मालक-मंडळाचे आपोआप सभासद होता आणि घर विकेपर्यंत ते सभासदत्व सोडता येत नाही. दरमहा दोन रकमा भराव्या लागतात. पहिली ‘कान्रीही’, म्हणजे रोजच्या देखभालीचे शुल्क: सफाई, लिफ्टची निगा, रखवालदार, सामायिक वीज. दुसरी ‘शूझेन त्सुमिताते-किन’, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, आपल्या सिंकिंग फंडाचा अधिक गंभीरपणे घेतलेला अवतार. साधारण १२ ते १५ वर्षांनी संपूर्ण इमारतीभोवती परांची बांधून बाहेरच्या फरशा, भेगा, गच्चीचे जलरोधन, रंग अशी सर्व कामे एकदम केली जातात आणि त्यासाठी हा निधी असतो.

नवी इमारत विकताना बांधकाम कंपनी हा मासिक आकडा मुद्दाम कमी ठेवते, कारण त्यामुळे घर परवडणारे दिसते. पुढे दर काही वर्षांनी तो वाढवण्याचे नियोजन असते, पण वाढ सर्वसाधारण सभेत मंजूर करावी लागते आणि निवृत्त झालेले सभासद ती अडवतात. परिणामी चाळीस वर्षांच्या इमारतीत निधी अपुरा असणे हे सर्रास आढळते. जपानच्या भूमी, पायाभूत सुविधा, परिवहन आणि पर्यटन मंत्रालयाच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत वीस मजल्यांहून कमी आणि एकूण ५,००० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतीसाठी दरमहा सरासरी ३३५ येन प्रति चौरस मीटर हा अंदाज दिला आहे. ५,००० ते १०,००० चौरस मीटरच्या इमारतीसाठी तो २५२ येन आहे. लहान इमारतीला जास्त पैसे का लागतात याचे कारण उघड आहे: लिफ्ट एकच असली तरी तिचा खर्च वाटून घेणारी कुटुंबे कमी असतात. या मापाने ६० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फुटांच्या सदनिकेला लहान इमारतीत दरमहा सुमारे २०,००० येन भरायला हवेत. जाहिरातीत ६,००० येन दिसले तर आनंद मानण्यापूर्वी, उरलेले पैसे कोण आणि कधी देणार, हा प्रश्न विचारावा. मार्गदर्शिकेतील आकड्यांत यांत्रिक पार्किंगचा खर्च धरलेला नाही. गाड्या कमी झाल्यामुळे रिकाम्या पडलेल्या बहुमजली लोखंडी पार्किंगने अनेक मंडळांची तिजोरी पोखरली आहे.

निधीबद्दल आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घर विकताना मालकाला निधीत भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ते इमारतीचेच राहतात. त्यामुळे भरलेली तिजोरी असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्याला आधीच्या मालकाची बचत जणू आयती मिळते आणि रिकाम्या तिजोरीच्या इमारतीत घेणाऱ्याला त्याची कसूर. कायद्याने तर याच्याही पुढे जाऊन सांगितले आहे की आधीच्या मालकाने थकवलेले मासिक शुल्क मंडळ नव्या मालकाकडून वसूल करू शकते. थकबाकीचा आकडा कागदावर आल्याशिवाय आणि तो किमतीतून वजा झाल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

हे सारे कळण्यासाठी एजंटमार्फत तीन कागद मागावेत. व्यवस्थापन कंपनीचा इमारत-अहवाल, ज्यात निधीची शिल्लक, एकूण थकबाकी, मंडळाने काढलेले कर्ज आणि आधीच ठरलेली शुल्कवाढ असते. दीर्घ मुदतीची दुरुस्ती योजना, जी किमान तीस वर्षांची असावी अशी मंत्रालयाची अपेक्षा आहे; तिच्या शेवटच्या वर्षांत शिल्लक उणे दिसत असेल तर शुल्कवाढ किंवा एकरकमी वर्गणी अटळ आहे. आणि गेल्या काही वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते. जपानी वाचता येत नसेल तरी ही इतिवृत्ते पैसे देऊन भाषांतरित करून घ्यावीत असे मी म्हणेन, कारण गळती, शेजाऱ्यांची भांडणे, पाइप बदलण्याचा सारखा पुढे ढकललेला ठराव, अध्यक्षपद स्वीकारायला कोणी तयार नसणे, हे सगळे तेथेच दिसते. २०२२ पासून स्थानिक प्रशासने चांगले नियोजन असलेल्या इमारतींना प्रमाणपत्रही देऊ लागली आहेत. ते असेल तर उत्तम. मात्र ते मंडळाने अर्ज केल्यावरच मिळते, त्यामुळे नसेल तर लगेच संशय घेण्याचे कारण नाही.

मंडळ पूर्णपणे झोपी गेले तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण शिगा प्रांतातील यासू शहरात घडले. १९७२ साली बांधलेली नऊ सदनिकांची तीन मजली इमारत ओसाड पडली, भिंती ढासळल्या, ॲस्बेस्टॉस उघडे पडले, मालकांचे एकमत होईना. अखेर २०२० मध्ये शहर प्रशासनाने ती स्वतः पाडली आणि सुमारे ११ कोटी ८० लाख येनचे बिल मालकांकडे पाठवले. म्हणजे सदनिका नाहीशी झाली तरी मालकीचे ओझे मात्र मागे राहिले.

मग पुनर्विकासाचे काय? जपानमध्ये २०२३ अखेर अशा सामायिक मालकीच्या इमारतींत सुमारे ७० लाख ४० हजार सदनिका होत्या आणि त्यांपैकी जवळपास १३ लाख ७० हजार चाळीस वर्षांहून जुन्या होत्या. पण पाडून पुन्हा बांधलेल्या इमारतींची आजवरची संख्या २०२४ च्या वसंतापर्यंत जेमतेम तीनशेच्या घरात होती. कारणे साधी आहेत. कित्येक जुन्या इमारती चटईक्षेत्र, उंची आणि सावलीचे आजचे नियम येण्यापूर्वीच्या आहेत, त्यामुळे नवी इमारत आहे त्याहून लहानच होऊ शकते आणि विकासकाला विकायला जादा सदनिका उरत नाहीत. ज्या ठिकाणी पुनर्बांधणी झाली तेथेही २०१७ ते २०२१ या काळात प्रत्येक मालकाला सरासरी सुमारे १ कोटी ९० लाख येन स्वतःच्या खिशातून घालावे लागले. पंचाहत्तरीच्या वृद्धाने एवढ्या रकमेला होकार द्यावा अशी अपेक्षा कोण करणार? मतांची अटही कडक होती: चार-पंचमांश. २०२५ मध्ये संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही अट, भूकंपक्षमता अपुरी असणे यांसारखी ठरावीक कारणे असतील तर, तीन-चतुर्थांशांवर आणली आहे, आणि ज्यांचा पत्ताच लागत नाही अशा मालकांना न्यायालयाच्या परवानगीने मतगणनेतून वगळण्याची सोयही केली आहे. यामुळे अडलेल्या काही इमारती हलतील, पण खिशातून घालायची रक्कम कायद्याने कमी होत नाही. म्हणून पुनर्बांधणीच्या आशेवर जुनी सदनिका घेऊ नये. ती पुढची वीस-तीस वर्षे तशीच दुरुस्त होत उभी राहील काय, एवढेच पाहावे. करखात्याने काँक्रीटच्या निवासी इमारतीचे आयुष्य ४७ वर्षे धरले आहे, परंतु तो घसाऱ्याचा हिशेब आहे आणि इमारत प्रत्यक्षात किती टिकेल याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

खोलीच्या आत पाहताना पाइपांकडे लक्ष द्यावे. जुन्या इमारतीत सांडपाण्याचा पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या छतातून गेलेला असू शकतो. तो गळला तर दुरुस्तीसाठी शेजाऱ्याचे छत उघडावे लागते. असा पाइप सामायिक भाग ठरतो असा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका खटल्यात दिला, त्यामुळे खर्च मंडळाकडे जाऊ शकतो, पण स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर मनासारखे हलवण्याचे स्वातंत्र्यही त्याच कारणाने मर्यादित होते. भिंतींवर पेललेल्या पाच मजली जुन्या वसाहतींमध्ये आतल्या काही भिंती तोडताच येत नाहीत, आणि लिफ्टही बहुधा नसते. खिडक्या, मुख्य दाराची बाहेरची बाजू आणि गॅलरी सामायिक असल्याने त्या परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. थंडीसाठी आतून दुसरी खिडकी बसवणे हा प्रचलित मार्ग आहे. जुन्या इमारतींत प्रत्येक घराला मिळणाऱ्या विजेची मर्यादाही कमी असू शकते. व्यापाऱ्याने विकत घेऊन नूतनीकरण केलेली सदनिका पाहिली तर एकच प्रश्न विचारावा: फरशीखालचे पाइप बदलले की फक्त वरचे दिसणारे?

परिसराची जोखीम वेगळी. एदोगावा वॉर्डाचा मोठा भाग भरतीच्या पातळीखाली आहे आणि २०१९ मध्ये वॉर्डाने काढलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावर, मोठ्या पुराच्या वेळी येथे थांबू नका, अशा अर्थाचा स्पष्ट इशारा होता. प्रशासनाचा हा प्रामाणिकपणा मला आदरणीय वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात कावासाकी शहरातील मुसाशी-कोसुगी येथील एका उंच इमारतीच्या तळघरातील विद्युतयंत्रणा बुडाली आणि वरच्या मजल्यांवर पाणी चढले नसले तरी वीज व नळाचे पाणी दोन्ही बंद झाले. त्यामुळे आपण सातव्या मजल्यावर आहोत एवढे पुरेसे नाही; वीज आणि पाण्याचे पंप कोणत्या पातळीवर आहेत ते विचारावे. २०२० पासून एजंटाला करारापूर्वी पूरनकाशावरील स्थान समजावून सांगणे बंधनकारक आहे.

व्यवहाराचा क्रम असा असतो. परवानाधारक तज्ज्ञ करारापूर्वी ‘महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण’ वाचून दाखवतो. मसुदा काही दिवस आधी मागून घ्यावा, कारण त्या बैठकीत ऐकत ऐकत निर्णय घेणे शक्य नसते. करारावेळी साधारण ५ ते १० टक्के इसार दिला जातो. विक्रेत्याने व्यवहाराची अंमलबजावणी सुरू करेपर्यंत इसार सोडून खरेदीदाराला माघार घेता येते, तर विक्रेत्याला माघार घ्यायची असेल तर दुप्पट रक्कम द्यावी लागते. बँकेने कर्ज नाकारले तर इसार परत मिळेल हे कलम करारात असलेच पाहिजे. परदेशी माणसाला घर घ्यायला आडकाठी नाही आणि घर घेतल्याने व्हिसाही मिळत नाही, पण अनेक बँका कर्जासाठी कायम वास्तव्याची अट घालतात आणि फार जुन्या इमारतीला कर्जाची मुदत कमी देतात. हे फक्त तुमच्या कर्जापुरते नसते. उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही तीच अडचण येणार. दलालीची कमाल मर्यादा किमतीच्या ३ टक्के अधिक ६०,००० येन आणि त्यावर उपभोग कर, म्हणजे तीन कोटी येनच्या घराला १० लाख ५६ हजार येन. नोंदणी, मुद्रांक, विमा आणि संपादन कर धरून वरखर्च किमतीच्या ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. विक्रेता सामान्य व्यक्ती असेल तर दडलेल्या दोषांची जबाबदारी बहुधा तीन महिन्यांपुरती असते किंवा पूर्णपणे वगळलेली असते. विक्रेता व्यावसायिक असेल तर ती किमान दोन वर्षे असते.

पुढेमागे भारतात परतण्याचा विचार असेल तर तो खरेदीच्या वेळीच लक्षात घ्यावा. विक्रीच्या वर्षाच्या १ जानेवारीला मालकीची पाच वर्षे उलटलेली नसतील तर रहिवाशाला नफ्यावर सुमारे ३९ टक्के कर पडतो आणि उलटलेली असतील तर सुमारे २० टक्के. अनिवासी विक्रेत्याच्या किमतीतून तर खरेदीदाराला अनेकदा १०.२१ टक्के रक्कम कापून थेट करखात्यात भरावी लागते. घर न विकता परतलात तर मासिक शुल्क आणि मालमत्ता कर चालूच राहतात, करासाठी जपानमध्ये प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि वर सांगितलेल्या २०२५ च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या मालकाला सदनिकेच्या कारभारासाठी देशातील व्यवस्थापक नेमण्याची तरतूदही आली आहे. सभेच्या सूचना कोणाच्या पत्त्यावर यायच्या आणि मत कोणी द्यायचे, हे विमानात बसण्यापूर्वी लेखी ठरवून मंडळाला कळवावे.